क्रोमपेक्षा एक पायरी खाली

जुन्या गाडीला रंग कोणता द्यावा, याबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. शेजारी, रिक्षावाला, दूध घालायला येणारा मुलगा, सगळ्यांचं मत तयार असतं. पण त्या रंगाला चकाकी किती असावी, असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, "जितकी येईल तितकी!" खरी गोम तिथेच आहे.

आमच्या कुडाळच्या घराच्या पडवीत काकांची पन्नासच्या दशकातली फियाट ११०० उभी आहे. लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे ती, पुढची दारं उलटी उघडणारी. काका दादरला, गाडी इथे आणि तिची उस्तवार माझ्याकडे, अशी जुनी वाटणी आहे. रंगकाम काढलं तेव्हा आधी मूळ रंग शोधायचा होता. वरून गाडी मळकट पांढरी. बॉनेटवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची; उन्हाने रंगातली राळ संपली की रंगद्रव्य असं सुटं होतं. मिस्त्रींनी मागच्या दाराचं रबर उचकटलं, चौकटीवर पाणी मारलं आणि पॉलिश पेपर गोल गोल घासत राहिले. हळूहळू कडी उमटली. मधोमध उघडा पत्रा, त्याभोवती तांबडं रेड ऑक्साइड, मग राखाडी झाक असलेला निळा, मग क्रीम, मग पांढऱ्यावर पांढरा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गाडीचं सगळं चरित्र. मूळ रंग तो निळा. रंगाचा वाद तिथे मिटला आणि चकाकीचा सुरू झाला.

काकांचा फोन आला, "मेटॅलिक मार, वर क्लिअर कोट दे. आरशासारखी झाली पाहिजे."

आता हा क्लिअर कोट म्हणजे खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक कवच. गाड्यांवर तो सर्रास दिसायला लागला तो ऐंशीच्या दशकापासून. त्याआधी रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. मुळात गाड्यांचं रंगकाम झटपट झालं ते १९२३मध्ये ड्यूपॉन्ट या अमेरिकी कंपनीने ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे पटकन वाळणारा रंग, बाजारात आणल्यावर. तोवर ब्रशने वार्निश चढवायचं आणि आठवडेच्या आठवडे वाळत ठेवायचं. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ नुसत्या काळ्या रंगात निघत होती, आणि १९२४मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाडी ड्यूकोच्या निळ्या रंगात आणली. आपल्याकडचे जुने पेंटर अजून फवाऱ्याच्या कामाला सरसकट 'ड्यूको' म्हणतात.

मग आपणही ड्यूकोच मारावा, असं मला वाटत होतं. जुन्या गाडीला जुना रंग, हिशोब सोपा. पण लॅकरचं थिनर फार वेगाने उडतं. उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं आणि रंग दुधाळ पडतो. कोकणात कोरडी हवा म्हणजे दिवाळीनंतरचे थोडे महिने. त्यातही आंब्याला मोहर आला की तुडतुडे आलेच. मोहराखाली उभ्या गाडीवर त्यांचा चिकटा पडतो, आणि ओला रंग दिसला तर ते स्वतःच येऊन चिकटतात. शिवाय लॅकर ठिसूळ, वय झालं की तडकतं. तडकलं की खारी हवा आत.

मॅटचा विषय माझ्या भाच्याने काढला. हल्ली फॅशन आहे म्हणे. मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही. घासाल तिथे तो चकाकायला लागतो आणि डाग उठून दिसतो. जिथे जांभ्याची तांबडी धूळ रोज पुसावी लागते, तिथे मॅट गाडी घेणाऱ्याला माझा नमस्कार.

राहिलं मेटॅलिक. त्यात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या किंवा अभ्रक असतं. त्या चकत्या कशा पडल्या यावर छटा ठरते, त्यामुळे उद्या दारावर ओरखडा आला तर तेवढाच तुकडा जुळवणं महाकठीण. अख्खं दार रंगवा, तरी शेजारचं मडगार्ड वेगळं दिसणार. आणि क्लिअर कोट एकदा सुटला की पापुद्रे निघतात. तिथे पॉलिशने भागत नाही, घासून पुन्हा मारण्याशिवाय इलाज नाही.

हे सगळं मी फोनवर काकांना ऐकवू शकलो असतो, पण मिस्त्रींनी ते एका वाक्यात मिटवलं. पावसात फवाऱ्याचं काम बंद असतं, तेव्हा ते गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, रंग द्यायला बसतात. मला म्हणाले, "मूर्तीच्या सगळ्या अंगाक वार्निस मारलंस, तर मुकुट खंय दिसतलो?"

गाडीकडे बघितलं आणि पटलं. बंपर, ग्रिल, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी. त्या काळच्या गाडीचे दागिने म्हणजे क्रोम. अंगालाच आरसा केला तर क्रोमने करायचं काय? रंगाची चकाकी क्रोमपेक्षा एक पायरी खाली हवी. म्हणून ठरलं: टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, पण क्लिअर कोटशिवाय, एकाच थराचा, साधा, मेटॅलिक चकत्या नसलेला. पॉलिश करताना फडक्याला निळा रंग लागेल, तो लागू दे. खरवडलं तर घासून जुळवता येईल. आतला डॅशबोर्डही पत्र्याचाच आहे. त्याची चकाकी मात्र आणखी उतरवायची, नाहीतर दुपारी तो काचेत दिसत राहतो. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना वाईट. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून भागवणार होते. त्या एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. बाहेरून नळीने हवा देणारा मास्क आल्याशिवाय गनला हात लावू दिला नाही.

खरं काम तर चकाकीच्या खालीच असतं. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, कारण पुट्टी पाणी पिते आणि ती थेट पत्र्यावर बसली तर गंज आतून सुरू होतो. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी करायची, पोकळ भागांत मेण सोडायचं. मिस्त्री म्हणतात, "खाऱ्या वाऱ्याक रंग दिसणा नाय, भोक मात्र बरोब्बर गावता."

काकांना पटवायला शेवटी सरकारचा उपयोग झाला. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, फारसे बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. काकांना ती पाटी हवीच आहे. मूळ रूप राखलेलं बरं, एवढं म्हटल्यावर मेटॅलिक मागे पडलं.

"बरं," काका म्हणाले, "पण बॉनेटवर पॉलिशचे दोन हात जास्त मारायला सांग. समोरून लोक तेच बघतात."

मी निरोप पोचवला. मिस्त्री "होय होय" म्हणाले. ज्या सुरात म्हणाले, त्यावरून ते दोन हात काही बसत नाहीत.