४५-७० साठी हरणाचं हँडलोड ठरवताना माझे दोन सीझन गेले

४५-७० या जुन्या, मोठ्या अमेरिकन काडतुसाची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे खालची दांडी हलवून पुढचं काडतूस आत घ्यायची रायफल, घेतली तेव्हा डोक्यात एकच गणित होतं, गोळी जेवढी जड आणि जेवढी जोरात तेवढं हरीण लवकर पडणार. रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या पुंगळीत पावडर आणि गोळी बसवून काडतूस स्वतः बनवणं, मी आधीपासून करत होतो पण लहान बोअरचं (बारीक नळीच्या रायफलचं), त्यामुळे वाटलं की यात काय अवघड आहे, पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) सरळ आहे, मोठी आहे, हाताला नीट लागते. प्रत्यक्षात मनासारखं एक लोड, म्हणजे गोळी आणि पावडरचं जमलेलं प्रमाण, मिळायला दोन सीझन लागले आणि बराचसा वेळ मी चुकीच्या दिशेने घालवला म्हणून सविस्तर लिहितोय. पावडरचे ग्रेन (गोळी आणि पावडरच्या वजनाचं माप) मी इथे मुद्दाम देत नाहीये, ते आपापल्या रायफलप्रमाणे रीलोडिंगच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

आणि मॅन्युअल उघडलं की पहिला घोळ तिथेच होतो. हे काडतूस १८७३ चं, अमेरिकन सैन्याच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलसाठी आलेलं, नावातले ७० म्हणजे काळी दारू ७० ग्रेन. त्या जुन्या रायफली आजही लोक वापरतात आणि आजच्या सिंगल शॉट (एका वेळी एकच काडतूस भरायच्या) रायफली त्यांच्यापेक्षा कितीतरी मजबूत आहेत, पण काडतूस दोन्हीत तेच बसतं. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकाच काडतुसाचे तीन वेगळे भाग असतात, ट्रॅपडोअरसाठी, लिव्हर अ‍ॅक्शनसाठी आणि रुगर नंबर १ सारख्या मजबूत सिंगल शॉट रायफलसाठी. तिसऱ्या भागातलं लोड ट्रॅपडोअरमध्ये गेलं तर रायफल फुटू शकते आणि तोंडासमोर फुटते. माझ्याकडे लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे मधला भाग, आणि मी सरळ त्या भागाच्या वरच्या टोकाकडे बघायला लागलो, खालून वर जायचं असतं हे माहीत असूनही. सुरुवात खालून केली, पण नजर वरच होती.

४०० ग्रेनची चपट्या टोकाची जॅकेटेड (शिशावर तांब्याचं आवरण असलेली) गोळी घेतली. चपटं टोक का तर बॅरलखालच्या ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर) टेकतं, कडक टोकदार गोळी असेल तर धक्क्याने प्रायमर उडायची भीती. हॉर्नाडी कंपनीची मऊ टोकाची ३२५ ग्रेनवाली गोळी यासाठीच आहे, ती पण बघितली, पण तिच्यासाठी पुंगळी २.१०५ ऐवजी २.०४० इंचापर्यंत कापावी लागते, म्हणजे त्या पुंगळ्या कायमच्या वेगळ्या ठेवा. एका टेबलावर दोन लांबीच्या पुंगळ्या मला नको होत्या.

तर ४०० ग्रेन, मधल्या भागातलं बऱ्यापैकी वरचं लोड. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) आकडे एकदम छान, ग्रुप मात्र १०० यार्डला पाच इंच, म्हणजे कागदावरची भोकं तेवढी पसरलेली. मी पावडर बदलली, प्रायमर बदलले, सीटिंगची खोली (गोळी पुंगळीत किती आत बसवायची ते) बदलली, काही फरक नाही. मग एका मित्राने मला न सांगता माझ्या काडतुसांत दोन डमी मिसळल्या, पावडर प्रायमर काही नाही, नुसती गोळी बसवलेली. तिसऱ्या चापाला क्लिक झालं आणि बॅरलचं टोक सरळ खाली गेलं, मी स्वतः बघितलं. म्हणजे लोडमध्ये काही दोष नव्हता, धक्का यायच्या आधीच माझं अंग आखडत होतं. दोन महिन्यांची पावडर मी चुकीचं उत्तर शोधण्यात जाळली याचं फार वाईट वाटलं. मोठ्या बोअरची रायफल नवीन घेतलेल्या प्रत्येकाने हा डमीचा प्रयोग पहिल्याच दिवशी करावा, कुणाला तरी काडतुसं भरून द्यायला सांगून.

मग ३०० ग्रेनच्या हॉलो पॉइंटवर (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर फुलणाऱ्या गोळीवर) आलो. धक्का कमी, वेग जास्त, ग्रुप दोन इंचाच्या आत. त्या सीझनला याच लोडवर पहिलं व्हाइटटेल हरीण मिळालं, साठेक यार्डावर, आणि ते जागेवर पडलं त्यामुळे त्या क्षणी मी खूश होतो. पण सोलायला घेतलं तेव्हा खांदा पूर्ण गेला होता, रक्ताळलेलं मांस पार बरगड्यांपर्यंत, एवढं फेकून द्यावं लागलं की रात्री झोप लागेना. ज्या हरणाचा जीव घेतला त्याचं मांस वाया जाणं मला चालत नाही. गोळी खराब नाहीये, मी तिला गरजेपेक्षा जोरात पळवली आणि वर खांद्याच्या हाडावर मारली, पातळ जॅकेटची गोळी तेवढ्या वेगात उघडणारच.

तिथून विचार उलटा केला. या बोअरची गोळी ०.४५८ इंच जाडीची, बऱ्याच गोळ्या उघडून जेवढ्या होतात तेवढी ही निघतानाच असते, मग तिला फुलायची गरजच काय, आरपार गेली, दोन्ही बाजूला भोक पडलं, रक्ताचा माग मिळाला की काम झालं. जुन्या फॅक्टरी काडतुसात ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला १३३० फुटाने जायची आणि हरणाला ती कधी कमी पडली नाही. म्हणून शिशाची ओतलेली ४०५ ग्रेनची चपट्या टोकाची गोळी घेतली आणि वेग १४०० च्या आसपास धरला.

इथे पुढची अडचण. पहिल्या वीस काडतुसांनंतर ग्रुप उघडायला लागला, बॅरल बघितलं तर आत शिसं चिकटलेलं, घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. मऊ शिशाचा तुकडा बॅरलमधून ठोकून बाहेर काढला आणि मोजला तेव्हा कळलं की माझं बॅरल ०.४५८ पेक्षा किंचित मोठं आहे, गोळी नीट सील होत नव्हती, बाजूने गॅस जाऊन शिसं वितळत होतं. ०.४६० च्या गोळ्या आणल्या आणि ती तक्रार संपली. हे मोजायचं काम मी आधी करायला पाहिजे होतं, दहा मिनिटं लागतात.

क्रिम्पचं, म्हणजे गोळी हलू नये म्हणून पुंगळीचं तोंड तिच्यावर दाबून घट्ट करण्याचं, पण सांगतो कारण यावर कोणी फार बोलत नाही. मॅगझिनमध्ये चार भरून वरचंच एक-एक उडवत गेलो आणि तळाशी उरलेलं काडतूस काढून मोजलं तर गोळी आत ढकलली गेली होती, एकूण लांबी कमी. गोळी आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. कारण साधं होतं, मी पुंगळ्या एकसारख्या कापल्याच नव्हत्या, लांब पुंगळीला क्रिम्प घट्ट बसत होता आणि आखूडला नावापुरता. आता आधी सगळ्या एका लांबीला कापतो, कडा साफ करतो, गोळी सीट करणं आणि क्रिम्प करणं दोन वेगळ्या फेऱ्यांत करतो. वेळ जातो, पण तेव्हापासून एकही गोळी हललेली नाही.

पावडर एच ४१९८ वर थांबलो, थंडीत वेग फारसा पडत नाही म्हणून, आणि हरणाचा सीझन थंडीतच असतो. आयएमआर ४१९८ ही वेगळी पावडर आहे बरं का, आकडा सारखा दिसतो म्हणून एकीचं लोड दुसरीला लावू नका. हलक्या लोडला मोठ्या पुंगळीत पावडर अर्ध्यापर्यंतच दिसते, चुकून दोनदा पडली तर लगेच लक्षात येईलच असं नाही, म्हणून गोळी बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्या ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने एक-एक बघतो. या पायरीवर फोन दुसऱ्या खोलीत.

या लोडला १०० यार्डला झिरो केलं (तिथे गोळी नेमक्या निशाणावर लागेल असं लावलं) तर ५० ला जेमतेम दोन इंच वर आणि १५० ला सात-आठ इंच खाली लागतं. हे रेंजवर कागदावर मारून बघितलं आणि स्वतःसाठी १२५ यार्डाची हद्द ठरवली, त्यापुढचं हरीण सोडून द्यायचं. दुसऱ्या सीझनला दोन सोडली पण. तिसरं सत्तर यार्डावर आडवं उभं राहिलं, मी झाडाला टेकून बसलो होतो, गोळी खांद्याच्या मागे फुफ्फुसातून आरपार गेली, हरीण चाळीस-पन्नास पावलं पळालं आणि बसलं. माग एवढा स्पष्ट होता की वाकून बघावं लागलं नाही. मांस भोकाच्या आजूबाजूचं थोडं सोडलं तर सगळं हाताला लागलं.

त्या पावडरचा डबा गेल्या महिन्यात संपला. नवीन आणलाय, नाव तेच पण लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा नंबर) वेगळा, म्हणून वहीत नवीन पान काढून परत मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून पाच-पाच काडतुसं भरायला घेतली आहेत.