क्लॅनचा मेळावा आणि पणजोबांचं गाव

कुलसंमेलन म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ, मंगल कार्यालयाच्या दारात नावनोंदणी, आणि जेवणाच्या पंगतीत कोण कुणाचा कोण लागतो याचा हिशेब. स्कॉटलंडमधले क्लॅनचे मेळावे वरवर बघता याच जातीचे. घरात मॅकडॉनल्ड किंवा फ्रेझर जावई आला असेल, नातवंडांना घेऊन त्यांच्या मूळगावी जायचं घाटत असेल, तर मात्र एक गोष्ट तिकीट काढण्याआधी डोक्यात पक्की बसवावी: तिथे आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं धरून चालत नाही.

मराठीत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घराणं, दुसरा खंडाने जमीन कसणारा. स्कॉटिश क्लॅन समजायला हे दोन्ही अर्थ एकदम लागतात. गेलिक ही तिथली जुनी भाषा, आणि तिच्यातल्या 'क्लान' या शब्दाचा मूळ अर्थ मुलंबाळं. प्रत्यक्षात प्रमुखाच्या भाऊबंदांबरोबर त्याची जमीन कसणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले, लढाईत त्याच्या मागे उभे राहणारे असे सगळेच क्लॅनमध्ये मोडत. हायलँड्समधली, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली, साधी माणसं पिढ्यानपिढ्या बापाच्या आणि आजोबाच्या नावानेच ओळखली जात. कारकुनाच्या वहीत कायमचं आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा अनेकांनी प्रमुखाचंच लावलं. फ्रेझर मंडळींबद्दल तर अशी आख्यायिका आहे की पोतंभर पिठाच्या बदल्यात लोकांनी ते आडनाव घेतलं.

मॅकग्रेगरांचं उलट झालं. १६०३ साली त्यांचं नाव लावण्यावरच बंदी आली. मध्ये काही वर्षं ती उठली, पुन्हा लादली गेली आणि कायमची रद्द झाली ती १७७४ साली. त्या काळात ही माणसं कॅम्बेल, मरी, ग्रँट, ड्रमंड, स्टुअर्ट अशा नावांखाली वावरली. त्यांच्यातला गाजलेला बंडखोर रॉब रॉय, खुद्द त्यानेही कॅम्बेल हे नाव वापरलं. तेव्हा आडनावावरून किल्ला गाठणं सोपं, पण त्या किल्ल्यात आपला पूर्वज कधी राहिलाच नसण्याची शक्यता फार मोठी. तो राहिला असेल तिथून वीस मैलांवरच्या एखाद्या दरीत, गवताने शाकारलेल्या दगडी घरात. ती दरी सापडते कागदांतून, आणि कागदांचं काम घरबसल्या होतं.

पूर्वज स्कॉटलंड सोडून गेलेले असतील तर सुरुवात नेहमी ते जाऊन वसले त्या देशातल्या कागदांपासून करावी. अमेरिकेतल्या कागदांवर जन्मस्थळ म्हणून नुसतं 'स्कॉटलंड' लिहिलेलं असतं आणि बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. कॅनडात, विशेषतः नोव्हा स्कोशियात, जुन्या थडग्यांवर कधीकधी पॅरिशचं नावही कोरलेलं असतं, म्हणून थडग्याचा फोटो आधी मिळवावा. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतला मुलूख. आपल्याला हवं ते एकक हेच. नुसत्या काउंटीवर, म्हणजे जिल्ह्यावर, विसंबलं की फसगत होते. स्काय, हॅरिस आणि युइस्टची बेटं जुन्या हिशेबाने इन्व्हर्नेसशायरमध्ये येतात, तर हॅरिसला चिकटलेलं लुइस रॉसशायरमध्ये. 'इन्व्हर्नेसशायर' एवढं वाचून इन्व्हर्नेस शहरात चार दिवस काढणारे कितीतरी असतात.

मग 'स्कॉटलंड्स पीपल' हे सरकारी संकेतस्थळ. सूची शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ पानाचं चित्र उघडायला क्रेडिट लागतात, एका नोंदीला साधारण दीड पौंड. जन्म, लग्न आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. घरून बघताना जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. त्याहून अलीकडची हवी असेल तर एडिनबरोत जनरल रजिस्टर हाउसमध्ये दिवसाची जागा आरक्षित करून बसावं लागतं.

स्कॉटिश मृत्यूची नोंद हा या सगळ्या खजिन्यातला सर्वांत मौल्यवान कागद, असं माझं मत. मृताचं नाव, जोडीदाराचं नाव, वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि त्यापुढे 'एम. एस.' अशी दोन अक्षरं. त्यांचा अर्थ माहेरचं आडनाव. पण उजवीकडे खबर देणाऱ्याची सही असते, ती आधी वाचावी. मुलाने खबर दिली असेल तर आजीचं माहेर बहुधा बरोबर असतं. जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर तो रकाना अंदाजपंचे भरलेला असू शकतो, आणि त्याच्या भरवशावर दोन पिढ्या मागे गेलात की भलत्याच घराण्यात पोचता. सहीच्या जागी फुली असेल तर त्याला लिहिता येत नव्हतं, आडनावाचं स्पेलिंग रजिस्ट्रारच्या कानावर अवलंबून होतं असं समजावं. जन्माच्या नोंदीत आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण १८५५ साली लिहीत, १८५६ ते १८६० ते गाळलं आणि १८६१ पासून परत आणलं. त्या पाच वर्षांत जन्मलेल्या पूर्वजाची धाकटी-थोरली भावंडं शोधावीत, त्यांच्या नोंदीत लग्न सापडतं.

१८५५ च्या मागे गेलं की चर्चच्या पॅरिश वह्या. सर्वांत जुनी एरॉल गावची, १५५३ ची. हायलँड्स आणि बेटांवर मात्र बऱ्याच वह्या १८०० च्या आगेमागे सुरू होतात, त्याआधी कोरं पान. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, म्हणून लोकांनी नोंदीच टाळल्या. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि फ्री चर्चकडे गेलेल्यांचे बाप्तिस्मे जुन्या वहीत येईनासे झाले. जनगणनेतही खाचखळगे आहेत. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलंय, म्हणजे ३४ चा माणूस ३० चा होतो, आणि नातं लिहिलेलंच नाही. १८५१ पासून नातं आणि जन्माचा पॅरिश दोन्ही मिळतात.

एकाच नावाची पाच माणसं समोर आली की मुलांच्या नावांचा क्रम बघावा. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे ओळखीचं वाटेल. हा क्रम सगळ्यांनी पाळला असं नाही. खुणेपुरता वापरावा, पुरावा म्हणून नाही.

डीएनए चाचणीची घाई नको. वाय-डीएनए फक्त बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून त्या आडनावाचा पुरुष वंशज चाचणीला तयार असेल तरच तिचा उपयोग. क्लॅन डोनल्डच्या प्रमुख घराण्यांचा पुरुषवंश आर-वन-ए या जनुकीय गटातला, म्हणजे बहुधा नॉर्स मुळाचा निघाला. हा गट भारतातही भरपूर आढळतो, पण दोन्हीकडच्या फांद्या हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्यात. सोयरीक जुळवायला जाऊ नये.

आता मेळावा. क्लॅन आणि क्लॅन सोसायटी या दोन वेगळ्या गोष्टी. क्लॅनला प्रमुख असतो आणि त्याला मान्यता एडिनबरोचे लॉर्ड लायन, म्हणजे कुलचिन्हांचा कारभार बघणारे अधिकारी, देतात. सोसायटी ही वर्गणी भरून चालणारी संस्था. सभासद व्हायला वंशावळीचा पुरावा सहसा कुणी मागत नाही. आडनाव, आजीचं माहेर किंवा नुसती आस्था पुरते. सोसायटीच्या वंशावळ सांभाळणाऱ्याला मेळाव्याच्या दोनतीन महिने आधी पत्र लिहावं, आणि त्यात नाव, साल, पॅरिश आणि आतापर्यंत तपासलेले कागद एवढंच एका पानात द्यावं. 'आमच्या घराण्याची माहिती कळवावी' अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि ते रास्तच आहे.

स्काय बेटावरच्या डनव्हेगनला मॅकलाउडांची 'पार्लमेंट', म्हणजे त्यांचा मेळावा, भरते. १९५६ साली तेव्हाच्या प्रमुख डेम फ्लोरा मॅकलाउड यांच्या काळात सुरू झालेली ही प्रथा दर चार वर्षांनी पाळली जाते. मॅक्फर्सनांचा मेळावा मात्र दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी न्यूटनमोरला, तिथल्या हायलँड गेम्स या पारंपरिक खेळांना जोडून. मैदानावर क्लॅनची मिरवणूक बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या मागोमाग येते. त्याच गावात त्यांचं संग्रहालयही आहे. असे मेळावे बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि लहान गावात खोल्या मोजक्या, म्हणून तारीख कळताच आधी मुक्काम पक्का करावा. गाडी घेऊन बेटावर जायचं तर फेरीवरची गाडीची जागाही त्याच दिवशी. पायी प्रवाशाला जागा बहुधा मिळते, गाडीला नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो तो वेगळाच.

प्रमुखाला 'मिस्टर' म्हणू नये. त्यांना त्यांच्या जहागिरीच्या किंवा क्लॅनच्या नावानेच हाक मारतात. कॅमेरॉनांचे प्रमुख 'लोकील', मॅक्फर्सनांचे 'क्लूनी'. क्लॅनची माणसं टोपीला लावतात त्या बिल्ल्यात चिन्ह प्रमुखाचं असतं, भोवती पट्टा आणि बकल. त्याचा अर्थ, मी या प्रमुखाचा माणूस. बिल्ल्यामागे तीन गरुडपिसं प्रमुखाची, दोन उपप्रमुखाची, एक स्वतःचं कुलचिन्ह रीतसर मिळवलेल्याची. हौसेने पीस खोचलं तर जाणकार लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण बघून ठेवतात. दुकानात 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' म्हणून विकतात ती शुद्ध बनवाबनवी. स्कॉटिश कायद्याने कुलचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नाही.

टार्टनबद्दल, म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाबद्दल, एवढं सोवळं नाही. क्लॅनगणिक ठरलेले चौकडे बहुतेक एकोणिसाव्या शतकातले, १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हापासून त्यांची लाट उसळली. कुणी काय घालावं याचा कायदा नाही. पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, म्हणजे पूर्ण किल्टला, आठ यार्ड कापड लागतं, म्हणजे नऊवारीपेक्षा वारभर कमी, आणि ते सगळं मागच्या चुण्यांत जातं. हाताने शिवलेला हवा तर काही महिने आधी सांगावं, नाहीतर भाड्याने घ्यावा. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यावी. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला टोचायची. दोन्ही पदरांतून आरपार घातली की चालताना कापड ओढलं जातं, चोळामोळा होतो आणि शेवटी फाटतं. मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्गिअन डू, विमानात हातातल्या सामानात ठेवला तर जप्त होणार. तो चेक-इन बॅगेत टाकावा.

क्वचित वाट मुंबईकडेही वळते. मल बेटाजवळच्या उल्व्हाचे लॅकलन मॅक्वारी पुढे न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले, पण त्याआधी त्यांची पलटण मुंबईत होती आणि १७९३ साली जेन जार्विसशी त्यांचं लग्न इथेच झालं. मुंबई इलाख्यात आलेल्या अशा स्कॉटांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन ३' या मालिकेत आहेत. स्कॉटलंडच्या वहीत माणूस अचानक गायब झाला तर तिथे एकदा डोकावावं.

शेवटी प्रत्यक्ष गाव. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे एका मैलाला सहा इंच मापाचे जुने नकाशे फुकट बघता येतात, आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून. पहिल्या आवृत्तीत छप्पर असलेलं घर भरीव रंगवलेलं, छप्पर गेलेलं नुसत्या रेषेत. म्हणजे मोजणीच्या वेळी कुठलं घर नांदतं होतं ते कळतं. जनगणनेतलं वाडीचं नाव या नकाशावर शोधावं आणि जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्यावेत. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते.

तिथे चालत जायला २००३ च्या कायद्याने मुभा आहे, मालक कुणीही असो. मात्र कुणाच्या घरालगतच्या आवारात शिरायचं नाही, उभ्या पिकातून जायचं नाही, फाटक जसं होतं तसं ठेवायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा हंगाम, तेव्हा इस्टेटीत आधी विचारून जावं. अरुंद रस्त्यावरच्या 'पासिंग प्लेस'मध्ये गाडी लावून निघून जाणं हा तिथला सर्वांत चिडवणारा गुन्हा. आणि एक गोची अशी की मेळाव्याच्या महिन्यांत ब्रॅकन नावाचं नेच्याचं रान छातीएवढं वाढतं, भिंतींचे पाये त्यात बुडून जातात, वर मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे. पडकी घरं नीट बघायची असतील तर एप्रिल-मे उत्तम. दोन्ही एकाच फेरीत साधायचं तर मेळाव्याला जाताना वाडीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

थडग्यावरची अक्षरं पुसट असतील तर तारेचा ब्रश किंवा साबणाचा फेस चालवू नये, दगडाचा पापुद्रा निघतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर बाजूने टॉर्च धरून फोटो काढावा. गरिबांच्या थडग्यावर बहुधा दगडच नसतो. कलॉडनच्या मैदानावर, जिथे १७४६ साली हायलँड्सच्या क्लॅनांचा बंडात शेवटचा पराभव झाला, क्लॅनच्या नावांचे दगड आहेत, पण ते त्या लढाईनंतर १३५ वर्षांनी, १८८१ साली बसवलेले.

एकच जागा बघायला वेळ असेल तर मी क्रॉइकचं चर्च सांगेन. आर्डगेपासून आत सुमारे १० मैल, शेवटपर्यंत एकपदरी रस्ता. मे १८४५ मध्ये जमीनदाराने ग्लेनकॅल्व्हीच्या दरीतून हुसकावलेली कुटुंबं या चर्चच्या आवारात उघड्यावर आडोसा करून राहिली. त्यांनी पूर्वेच्या खिडकीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर बाहेरून ओरखडे काढून लिहिलं. त्यांची बोली गेलिक, पण मजकूर इंग्रजीत आहे: ग्लेनकॅल्व्हीचे लोक, पापी पिढी. आत न जाता चर्चला वळसा घालून मागे जावं, काचेला नाक लागेल इतकं जवळ उभं राहावं आणि डोकं थोडं तिरकं करावं. समोरून बघितलं तर फक्त आपलंच प्रतिबिंब दिसतं.