नवीन नळजोडणी आणि गल्लीतला सिमेंट रस्ता: माझा अनुभव

नगरपरिषदेकडून घराला नवीन नळ घ्यायचा असेल तर कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. ती बाजू सरळ आहे. अडतं ते रस्ता खोदाईच्या परवानगीपाशी, आणि गल्लीत नुकताच सिमेंट रस्ता झाला असेल तर हमखास अडतं. २०२५ च्या उन्हाळ्यात या एका परवानगीपायी जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं शहर मराठवाड्यातलं, ‘ब’ वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकवस्तीच्या गटातलं. आम्ही हद्दवाढीतल्या नव्या प्लॉटिंगमध्ये राहतो. इतकी वर्षं बोअरवर भागलं. त्या फेब्रुवारीत बोअर आटलं आणि सगळंच पाणी विकतचं झालं. वापरायला टँकर, प्यायला जार. त्यात कूलरला रोज पाणी लागतं आणि दिवस कुरडयांचे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग चीक काढायचा. सासूबाई म्हणाल्या, “यंदा घरापुरत्याच करू गं, लेकींना पुढच्या वर्षी देऊ.” पाण्यामुळे लेकींचा वाटा कमी करावा लागला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्याच आठवड्यात मी नळाचा अर्ज केला.

अर्जासोबत चालू वर्षाची घरपट्टीची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, मालकीचा कागद, आधार आणि परवानाधारक प्लंबरची सही लागली. अनामत भरली. इथवर कुणी त्रास दिला नाही, माणसं नीट बोलली.

मग पाणीपुरवठ्याचे अभियंता जागा बघायला आले. जलवाहिनी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, घर अलीकडे, मधे सिमेंट रस्ता. त्यांनी फाइलवर शेरा मारला: ‘रस्ता खोदाई ना-हरकत आवश्यक’. तिथून पुढं सगळं ठप्प.

हा रस्ता झाला २०२४ च्या पावसाळ्यानंतर, अगदी घाईघाईत. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, त्याच्या आत भूमिपूजन उरकून काम सुरू करायची सगळीकडेच धडपड चालली होती. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तेव्हाच विचारलं होतं, “अहो, आधी दोन्ही बाजूंनी पाइपलाइन टाका, मग रस्ता करा.” उत्तर मिळालं की निधी रस्त्याचा आहे, पाण्याचा नाही. तो निधी परत जाईल म्हणून रस्ता आधी झाला, आणि त्याची किंमत आता प्रत्येक घर वेगवेगळी मोजतंय.

बांधकाम विभागात सांगितलं, “मॅडम, रस्ता दोषदायित्व कालावधीत आहे. फोडता येणार नाही.” काम झाल्यावर ठरावीक मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा, ती ही मुदत. मधे दुसऱ्या कुणी रस्ता फोडला तर ठेकेदार हात वर करतो. त्यांचंही म्हणणं चुकीचं नाही, हे मला पटलं. मी विचारलं, मग मार्ग काय? “ठेकेदाराचं संमतिपत्र आणा.” ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, मला नगरपरिषदेचं पत्र द्या, मी लगेच लिहून देतो.” परत बांधकाम विभागात. “आधी त्यांचं पत्र, मग आमचं.” पाणीपुरवठ्यात गेले तर, “आमच्याकडून फाइल गेली, आता बांधकामाला विचारा.” नळ पाहिजे मला, आणि एका इमारतीतल्या दोन विभागांचे निरोप पोचवायचे तेही मीच.

एकदा सांगितलं, फाइल वर गेलीय. वर म्हणजे कुठं? सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर. जिना चढून वर गेले, तर साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत. बाकावर दुपारपर्यंत बसले. शेजारी एक आजोबा पेन्शनच्या कामाला आलेले, धोतराच्या सोग्याने घाम पुसत होते, पण नंबर जाईल म्हणून पाणी प्यायलाही उठत नव्हते. शेवटी शिपाईमामांनी आत बघून सांगितलं, तुमची फाइल इथं नाहीच. खाली येऊन हट्टाने शोधायला लावली. बांधकामाच्या पहिल्याच टेबलावर जाड मोजमाप पुस्तकाखाली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) ती पडली होती, पाणीपुरवठ्याच्या त्या शेऱ्याखाली एक अक्षर नवं नव्हतं. एप्रिलचा अख्खा मधला पंधरवडा तिच्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मला तेव्हा रडू आलं, संतापाने.

यावरून आठवलं. कार्यालयात जायचं तर सकाळी दहाला जा. उन्हामुळे दुपारी गर्दी कमी असते म्हणून लोक तेव्हा जातात, पण तेव्हा सही करणारा माणूस जागेवर सापडत नाही. आणि तोंडी काही मागू नका. एक ओळ का होईना, अर्ज लिहा, आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच हातात आल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. “ठेवून जा, मी टाकतो” म्हणणारा माणूस कितीही चांगला असला तरी नाही.

लोक म्हणतात, नगरसेवकाला धरायचं. पण धरायचं कुणाला? राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसारखी आमचीही मुदत संपून कित्येक वर्षं प्रशासक राज होतं. सभागृह नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रश्न विचारायला हक्काचा माणूस नाही. रस्ता आधी की पाइप आधी, हा खरं तर सभेत भांडायचा विषय. तो भांडणारं कुणी नव्हतं, म्हणून एकेका घरावर एकेकट्याने भांडायची वेळ आली. माजी नगरसेवक आपुलकीने फोन करायचे, पण त्यांच्या फोनला वजन उरलं नव्हतं. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा असा आदेश दिला आणि लगेच चौकाचौकांत भावी नगरसेवकांचे फोटो लागले. पाणपोईच्या मंडपावर फोटो, रांजणाच्या झाकणावरसुद्धा नाव. त्यातल्या एकांनी आमच्या गल्लीत टँकर पाठवला. “वहिनी, अजून लागला तर सांगा” म्हणाले. पाण्याची गरज होती, आम्ही घेतलं आणि मनापासून आभारही मानले. पण टँकरचे आभार मानावे लागतात, नळाची पट्टी भरता येते. मला पट्टी भरायची होती.

सुटलं ते माहितीच्या अधिकाराने. शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेने सुचवलं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मी अर्ज दिला आणि तीनच गोष्टी मागितल्या: आमच्या गल्लीच्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश, मंजूर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल. ‘माझं काम का होत नाही’ असं त्यात विचारू नका. कागद मागा, कारण विचारलं तर उत्तर टाळता येतं. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते, ती अगदी शेवटी का होईना, मे महिन्याच्या सुरुवातीला मिळाली. नकलेला पानाला २ रुपये.

अंदाजपत्रक रात्री जेवणं झाल्यावर ओळ न् ओळ वाचलं. मधेच एक बाब होती: नळजोडणीसाठी रस्त्याखालून आडवे पाइप टाकणे. म्हणजे रस्ता न फोडता नळाची नळी पलीकडून अलीकडे घेता यावी म्हणून काँक्रीटखाली आधीच मोकळे पाइप टाकायचे होते. मोजमाप पुस्तकात ते टाकल्याची नोंद होती, त्याचं बिलही निघालं होतं. विभागातल्या कुणालाही ही नोंद उघडून बघावीशी वाटली नाही, आणि मला मात्र संमतिपत्रासाठी पळवत होते.

त्या पानाची झेरॉक्स जोडून मी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने पत्र दिलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा उल्लेख केला. नवीन नळजोडणी ही त्या कायद्याखालची सेवा आहे. कार्यालयात सेवांचा फलक असतो, त्यावर मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, लिहिलेला असतो. त्या फलकाचा फोटो मी जोडला. मुदतीत सेवा मिळाली नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करेन असं स्पष्ट लिहिलं. जिल्ह्याचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्यासाठी १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तोही तयार ठेवला होता, द्यायची वेळ आली नाही.

दुसऱ्याच दिवशी अभियंता स्वतः आले, सोबत खोदणारा मजूर. शेजारच्या कंपाउंडपाशी, रस्त्याच्या कडेच्या मुरमात हातभर खोदल्यावर पाइपाचं तोंड लागलं. मातीने बुजलेलं होतं. मजुराने आतली माती गजाने ढकलत काढली, पलीकडच्या बाजूने उजेड दिसला. काँक्रीटला धक्कासुद्धा लागला नाही. मी तिथं उभी होते, मला खूप हलकं वाटलं आणि तितकाच रागही आला.

जोडणीच्या दिवशी पाऊस. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने गाठलं, चर चिखलाने भरला, प्लंबर वैतागला, पण संध्याकाळपर्यंत नळ बसला. आठवड्याने पाळीला पाणी आलं. सासूबाईंनी पहिला हंडा स्वतः भरला.

राहिलेलं सांगते. जोडणीची तारीख लिहून ठेवा, पाणीपट्टी त्या तारखेपासूनच लागली आहे ना ते पहिल्या बिलावर तपासा. अनामतीची पावती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ जपून ठेवा. आणि ऑनलाइन अर्ज केला असेल तर त्याच्या क्रमांकाची प्रिंट प्रत्येक पत्राला जोडा.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. आता आमच्या प्रभागाला नगरसेवक आहेत, सभा होतात. मागच्या दोन गल्ल्यांमध्ये रस्त्याचं काम निघणार आहे असं कळलंय. तिथल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: काम सुरू होण्याआधी सगळ्या घरांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, अंदाजपत्रकाची नक्कल मागा, आडवे पाइप कुठं कुठं टाकणार ते लिहून घ्या. काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक पाइपाच्या तोंडाचा फोटो काढा आणि समोरच्या कंपाउंडवर रंगाने खूण करा. अर्जाचा मसुदा मी तयार केलाय, ज्यांना हवा असेल त्यांनी घरी येऊन घेऊन जावा.