संकासुर इलो नि थांबलो

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि पाऊस येईपर्यंत सासूबाईंचा रात्री घरात पाय ठरत नाही. दशावताराचे, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचे, पेटारे बंद झाले की मात्र चार महिने त्यांना कॉम्प्युटर. मोबाईलवर नीट दिसत नाही, टीव्हीवर नातवाचं क्रिकेट, म्हणून खिडकीजवळचा २०१२ सालचा, असेंबल करून घेतलेला डबा हाच त्यांचा रंगमंच. यूट्यूबवर दशावताराची रेकॉर्डिंग ढिगाने आहेत. मी लावून द्यायचं, त्यांनी बघायचं.

मी मूळची मिरजेची. वेंगुर्ल्यात येऊन सव्वीस वर्षं झाली, मालवणी सगळी कळते, बोलायला गेले की अजून हसतात. कॉम्प्युटरचं माझं ज्ञानही तसंच आहे.

जूनमध्ये एका दुपारी आतून हाक आली, "गो, संकासुर इलो नि थांबलो!" जाऊन बघते तर खरंच, दशावतारातला हा राक्षस येऊन थांबलेला. काळा झगा, लोंबती लाल जीभ, एक पाय वर, आणि सगळं गोठलेलं. पडद्यावर इंग्रजीत 'ऑडिओ रेंडरर एरर', कॉम्प्युटर बंद करून चालू करा. केला. दोन मिनिटं चाललं, परत तेच.

मग मी ते सगळं केलं जे कुणीही करतं आणि ज्याचा उपयोग होत नाही. हिस्ट्री पुसली, क्रोम काढून परत टाकलं, राऊटरची पिन उपटली. ह्यांनी दुकानातूनच निदान केलं की नेट स्लो आहे, आणि केबलवाल्याला दोन शब्द ऐकवले. वास्तविक त्याच वायफायवर माझ्या मोबाईलवर तोच संकासुर व्यवस्थित नाचत होता. म्हणजे नेट ठीक, व्हिडिओ ठीक, दोष आमच्या डब्यात. एवढं कळायला मला दीड दिवस लागला आणि बिचाऱ्या केबलवाल्याला उगाच बोलणी बसली.

'ऑडिओ' हा शब्द डोळ्यासमोर असताना आवाजाकडे लक्ष जात नव्हतं, कारण अडकलं होतं चित्र. शेवटी टेबल ओढलं आणि मागे बॅटरी मारली. स्पीकरची पिन हिरव्या भोकात असते, ती काढली तर पिनसुद्धा हिरवी. समुद्र आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा कड्या-कोयंड्यांना सोडत नाही, पिनेला कशाला सोडेल? पिन पुरती टेकत नव्हती, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटायचं स्पीकर गेला, परत आला, परत गेला. खोडरबरने घासली, भोकात चार-पाच वेळा गोल फिरवली, पान रिफ्रेश केलं. संकासुराने वरचा पाय खाली टाकला.

आवाज नाही तर मुकं चित्र तरी चालावं, असं मला वाटायचं. पण ब्राउझर चित्राला वेळ देतो तो आवाजाच्या गतीवरून. कुठली फ्रेम कधी दाखवायची हे आवाज किती पुढे गेला त्यावर ठरतं. आवाजाला बाहेर पडायला वाटच नसेल तर काळच सरकत नाही. सासूबाईंना हे समजवायला मला एक वाक्य पुरलं: पखवाजवाला उठून गेला तर सोंग नाचेल कसं? त्यांना लगेच पटलं.

दुसरं दुखणं आषाढात. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री सगळी बटणं भिंतीवरून बंद करून पिना काढून ठेवतात, वीज कडाडली तर धोका नको. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर काहीतरी लिहून यायचं, 'एफ वन' दाबलं की पुढे जायचा. महिनाभर मी न वाचता एफ वन दाबत होते. मग एक दिवस व्हिडिओ तर सोडाच, यूट्यूबचं पानच उघडेना. लाल त्रिकोण, 'कनेक्शन खाजगी नाही' वगैरे, आणि एरवी असतं ते 'तरीही पुढे जा'सुद्धा नाही. मला वाटलं व्हायरस.

सासूबाई शेजारी बसून पडद्याचा कोपरा बघत होत्या. रोज सकाळी उठून कालनिर्णय बघणारी बाई. म्हणाल्या, "जानेवारी खंयचो गो? आषाढ चालू आसा."

कोपऱ्यात होतं १ जानेवारी २०१२.

वेबसाइटच्या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आमच्या डब्याच्या हिशेबाने २०१२ साल चालू, म्हणजे ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो बिचारा खोटं समजून दार लावून बसला होता. तारीख हाताने बदलली, पान उघडलं. दुसऱ्या दिवशी परत २०१२. विंडोज आपणहून वेळ जुळवतं खरं, पण घरच्या मशीनवर फरक १५ तासांहून मोठा असला तर मूळ सेटिंगमध्ये ते हात लावत नाही. इथे तर वर्षांचा फरक.

आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. पिन लावलेली असली की घड्याळ भिंतीच्या विजेवर चालतं, काढली की ह्या सेलवर. आम्ही रोज रात्री पिन काढणारे, वर्षानुवर्षं. सेल कधीतरी संपणारच होता, आणि एफ वनच्या पडद्यावर बहुतेक तेच लिहिलेलं असणार.

बाजारात घड्याळवाल्याकडे सेल मिळाला. पिन काढून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, मग बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ, एक मेलेलं झुरळ आणि पालीची दोन पांढरी अंडी, खडीसाखरेएवढी. अंडी सासूबाईंनी कागदावर घेऊन माडाच्या मुळाशी ठेवली, त्याशिवाय मला हात लावू देईनात. सेलच्या कडेची पट्टी नखाने बाजूला दाबली, जुना टुण्णकन उडाला, नवा अधिकची बाजू वर ठेवून बसवला. चालू करताना डिलीट दाबून आत तारीख भरली. झालं.

चित्र तुटक येणं हे तिसरं, पण त्याला दुखणं म्हणणार नाही. इतक्या जुन्या डब्यात नवे व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय नसते, सगळा भार प्रोसेसरवर, पंखा भातगिरणीसारखा ओरडतो. व्हिडिओवरच्या सेटिंगच्या चक्रात जाऊन चित्राची क्वालिटी १०८० ची ४८० केली की गप्प.

आता सासूबाई खुर्चीत बसल्या की आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतात, मग पडद्याचा कोपरा, मग मला 'लाव' म्हणतात. डाव्या स्पीकरमधून अजून काही ऐकू येत नाही. तो पाऊस उघडला की बघेन.