आमची वाटचाल: नागपुरातल्या सीताबर्डीतलं लेन्सचं दुकान

जुन्या बॉक्स कॅमेऱ्याचं एकच भिंग डीएसएलआरवर चढवून सॉफ्ट फोकस, म्हणजे रेखीव फोटोवर मऊ उजेडाची झाक, करून देणं आमच्या लायनीत आम्हीच सुरू केलं. हे आधीच सांगतो, कारण आता श्रेय घेणारे पुष्कळ झालेत.

आमचं मूळ काम रिपेअरिंगचं. उन्हाळ्यात हेलिकॉइडचं, म्हणजे फोकसच्या आट्यांचं, ग्रीस पातळ होऊन लेन्सचं भोक लहानमोठं करणाऱ्या ब्लेडवर उतरायचं, पावसाळ्यात काचेला बुरशी. सॉफ्ट फोकसचा नाद लागला हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांमुळे. ॲल्युमिनियमची नळी, पुढे भिंग, मध्ये लहानमोठ्या भोकांच्या पितळी चकत्या बसवायची खाच, मागे कॅमेऱ्याकडे ४२ मिमीचे, १ मिमी पिचचे आटे, म्हणजे एम४२. एका बोटानं फिरवली तरी लेन्स शेवटपर्यंत जायची. निकॉनवाल्यांसाठी मामा नळी वेगळी, आखूड काढत. लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर एम४२ चं ४५.४६ मिमी, निकॉनचं ४६.५, तेवढ्या मिलिमीटरनं इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचा फोकस, जाते.

काही वर्षं बरी गेली. मग लायनीतल्याच एका दुकानदारानं उठवलं, ‘यांच्या भिंगाला बुरशी आहे, म्हणून फोटो धूसर येतो.’ तेही ऐन लग्नसराईत! स्वतः तो यूव्ही फिल्टरला व्हॅसलीन फासून विकत होता. लोक ॲडव्हान्स परत मागू लागले, भाडं थकलं, मामांचे पैसे अडकले. मामा एका शब्दानं बोलले नाहीत. तो दुकानदार अजून समोरून जातो, पण त्यानं चूक कबूल केलेली नाही.

दुकान वाचलं ते कामठीच्या फोटोग्राफर काकांमुळे. भरल्या दुकानात म्हणाले, “आण बे इकडे ती लेन्स.” मोठ्या भोकाची चकती लावून काकूंचा फोटो काढला. नथीचा मोती रेखीव, त्याभोवती मऊ उजेड. मग बारीक भोकाची चकती घातली. उजेड गेला, पापणीचा केस न केस मोजता येईल असा फोटो आला. “चकती बदलल्यानं बुरशी जाते का बे?” कुणाकडे उत्तर नव्हतं. भिंगाच्या कडेचे किरण मधल्यांपेक्षा अलीकडे जुळतात, त्याचाच तो उजेड. कड झाकली की संपला.

नव्या पोरांना सांगतो, ज्या चकतीनं फोटो घ्यायचा तीच लावून फोकस करा. चकती बदलली की फोकस सरकतो. आणि मे महिन्यात जुनी लेन्स गाडीच्या डिकीत ठेवू नका. ब्लेडवर तेल उतरलं की सगळी खोलावी लागते.