रहदारीविना फ्रान्स: बोर्दो ते तुलूज, कालव्याच्या काठानं

मुंबईत सायकल चालवायची ती पहाटे. साडेसातनंतर पूर्व द्रुतगती मार्गावर बस आणि डंपर सुरू झाले की हात ब्रेकवर आणि कान मागच्या हॉर्नकडे. त्यामुळे फ्रान्समध्ये आठवडाभर गाड्यांशिवाय सायकल चालवता येते असं कानावर आलं, की इथल्या सायकलस्वाराला वाटतं, तिथली खेडी रिकामीच असणार, कुठूनही निघावं. तसं नाही. तिथल्या जिल्हा रस्त्यांवर गाड्या ताशी ८० ते ९० किलोमीटरनं जातात आणि अनेक ठिकाणी रस्त्याला कडेची पट्टीसुद्धा नसते. शांतता आहे ती ठरावीक रेषांवर: जुने कालवे आणि बंद पडलेले लोहमार्ग. म्हणून आधी रेषा निवडायची, मग गावं. किल्ले आणि द्राक्षमळे यांची यादी आधी करून त्यांना नकाशावर जोडत गेलात, तर निम्मा प्रवास मोटारींच्या सोबतीनं होतो.

नकाशावरचे दोन शब्द नीट ओळखले पाहिजेत. 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे मोटारींना कायद्यानं बंदी असलेली वाट. तिच्यावर सायकल, पायी चालणारे आणि बऱ्याच ठिकाणी घोडेस्वार एवढेच. 'व्हेलोरूत' म्हणजे पाट्या लावून आखलेला लांब पल्ल्याचा सायकल मार्ग. त्यात व्हुआ व्हेर्तचे तुकडे असतात, तसे गाड्यांचे रस्तेही असतात. लोआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग व्हेलोरूत आहे. तो देखणा आहे, पण त्याचा मोठा भाग गावरस्त्यांवरून जातो. लहान मुलांना घेऊन किंवा आयुष्यातली पहिली लांब सहल म्हणून जाणाऱ्यानं हा फरक तिकीट काढण्याआधी तपासावा.

या वाटा सपाट का, याचं कारण त्यांच्या जन्मात आहे. १८७९ मध्ये मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेतून फ्रान्सभर छोटे लोहमार्ग पसरले. पुढे बस-लॉऱ्या आल्या, गाड्या रिकाम्या धावू लागल्या, रूळ उखडले गेले. बर्गंडीतल्या जिव्री ते क्लूनी या अशाच मार्गावर १९९७ मध्ये ४४ किलोमीटरची देशातली पहिली व्हुआ व्हेर्त झाली. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून अशा वाटांवर चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. कालवा तर एका लॉकपासून (होड्या वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दारांपासून) दुसऱ्यापर्यंत समतलच. होड्या ओढणारे घोडे जिथून चालत, ती काठाची वाट आज सायकलींना मिळाली आहे. पंधरा किलो सामान लादलेल्या सायकलीला याहून चांगला रस्ता नाही.

पहिल्या सहलीसाठी माझं मत ठाम आहे: नैऋत्य फ्रान्समधलं बोर्दो ते तुलूज, सुमारे २७० किलोमीटर. सुरुवातीचे ५७ किलोमीटर बोर्दोहून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत जुन्या लोहमार्गावरून, द्राक्षमळ्यांतून जातात. या वाटेला रोजे लापेबी यांचं नाव आहे. १९३७ची टूर द फ्रान्स त्यांनी जिंकली, आणि स्पर्धेत डिरेल्यूर (चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या) गिअरला परवानगी मिळाली तीही त्याच वर्षी. सोव्हतेरच्या पुढे साधारण २० किलोमीटर वळणावळणाच्या, चढउताराच्या गावरस्त्यांचे आहेत. संपूर्ण मार्गात गाड्या भेटतात त्या मुख्यतः इथे, म्हणून हा तुकडा सकाळी ताज्या पायांनी उरकावा. आदल्या रात्रीचा मुक्काम सोव्हतेरलाच ठेवला की ते आपोआप जमतं.

पुढे गारोनचा कालवा लागतो आणि तुलूजपर्यंत सोडत नाही. १९३ किलोमीटर लांबीचा हा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला. काठाला प्लेन जातीची उंच झाडं आहेत आणि सावली बराच वेळ साथ देते. मास-दाजने गावच्या चर्चमध्ये डच चित्रकार रेम्ब्रांचं १६३१ सालचं चित्र आहे. त्यासाठी कालव्यावरून गावाच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि तो चढ वाया जात नाही. आजाँ शहराजवळ कालवाच ५३९ मीटर लांबीच्या, २३ कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर होड्या आणि शेजारून आपण. मोआसाकच्या मठाचं दगडी प्रांगण ११०० सालचं. तिथे अर्धा दिवस ठेवा, घाईनं पाहण्यासारखं ते नाही. वाटेत मारमांदचे टोमॅटो, आजाँचे सुके आलुबुखार (प्रून) आणि मोआसाकची गोड पांढरी द्राक्षं मिळतात. द्राक्षं सप्टेंबरात.

आता पृष्ठभाग, कारण सहल बिघडते ती इथे. गारोन कालव्याची वाट डांबरी आहे, तरीही झाडांची मुळं डांबर वर उचलतात. ताशी १५ किलोमीटरच्या वेगाला दर थोड्या वेळानं आडवा उंचवटा, असे दिवसभराचे हजारो धक्के. टायर फुटत नाही, कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. एम-५ आकाराचे हे बोल्ट घरीच काढून त्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, आणि दोन जादा बोल्ट सोबत ठेवा. रोज संध्याकाळी चारही बोल्ट हातानं चाचपा. एक निसटला की कॅरिअर दुसऱ्या बाजूवर भार टाकतं आणि मग फ्रेमचा, बोल्ट फिरून बसतो तो आटाच खराब होतो. असा खराब झालेला आटा खेड्यात दुरुस्त होणं अवघड.

टायर ७००×३८ किंवा ४० चे हवेत. ७५ किलोचा स्वार आणि १५ किलो सामान असेल तर मागे ५० आणि पुढे ४० पीएसआयच्या आसपास हवा पुरे. मुंबईत रोडबाइकवाले ९०-१०० भरतात, ती सवय इथे उपयोगाची नाही. कडक टायर मुळांवरून उड्या मारतो, मनगटं दुखतात आणि सामानाचे हुक सुटतात. तुलूजच्या पुढे मिदी कालव्याकडे वळायचं असेल तर जादा तयारी लागते. पहिले सुमारे ५० किलोमीटर डांबर आहे, त्यानंतर अनेक टप्पे मातीचे, अरुंद आणि मुळांनी भरलेले. पाऊस पडला की चिकणमाती मडगार्डमध्ये अडकून चाक फिरत नाही. पियेर-पॉल रिके यांनी सतराव्या शतकात खोदवलेला तो कालवा युनेस्कोच्या यादीत आहे म्हणून लोक थेट तिथेच जातात. पहिल्या सहलीला मी तो सुचवणार नाही.

सायकल इथून न्यावी की तिथे भाड्यानं घ्यावी? आठवड्याभरासाठी भाड्यानं. मात्र स्वतःचं सीट आणि पेडल सोबत न्या. पाठीचा आणि गुडघ्यांचा त्रास बहुतेक वेळा परक्या सीटमुळे होतो. इ-बाइक हवी असेल तर ती भाड्यानंच मिळेल, कारण १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि सायकलीच्या बॅटऱ्या त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

स्वतःची सायकल नेणार असाल तर बॉक्स भरताना डावं पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटतं, हे लक्षात असू द्या. उलटं जोर लावून क्रँकचा आटा बिघडवणारे बरेच आहेत. मागचा डिरेल्यूर सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. बॉक्स उजव्या बाजूवर आपटला की वाकतो तो डिरेल्यूर हँगर, म्हणजे डिरेल्यूर फ्रेमला जोडणारा तुकडा. हा भाग प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे तो एक जादा न्यायचाच. पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला. डिस्क रोटर काढून कपड्यांत ठेवा. सोबत दोन ट्यूब, पॅच, चेनची क्विक लिंक (९, १० किंवा ११ स्पीड, आपल्या चेनप्रमाणे), एक गिअर केबल, ब्रेक पॅडची जोडी आणि ४, ५, ६ एमएमच्या अ‍ॅलन की. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, तिथे प्रेस्टा हा बारीक व्हॉल्व्हही सर्रास. पंप दोन्हींवर बसणारा असावा.

एक अडचण मुंबईहून निघताना कुणी सांगत नाही. तेजेव्हे या वेगवान रेल्वेगाडीत सायकल सुटी करून पिशवीत नेता येते, पण पिशवी १३० बाय ९० सेंटिमीटरच्या आत हवी. दुकानातून आणलेला पुठ्ठ्याचा बॉक्स सहसा त्याहून लांब असतो, आणि पॅरिसच्या फलाटावर हे कळून उपयोग नाही. सोपा उपाय म्हणजे एकाच तिकिटावर बोर्दोपर्यंत विमानानं जाणं. परतीला तुलूजच्या सायकल दुकानात एक दिवस आधी विचारलं तर रिकामा बॉक्स मिळण्याची शक्यता चांगली असते.

टेर या स्थानिक गाड्यांत जोडलेली सायकल चढवता येते, हुकांची संख्या मात्र मर्यादित आणि काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं. बोर्दो-तुलूज मार्गाचं मोठं सुख हे की लोहमार्ग कालव्याला जवळजवळ समांतर आहे. मारमांद, आजाँ, मोआसाक, मोंतोबां, कुठेही थकलात किंवा पाऊस लागला तर स्टेशन हाताशी असतं.

दिवसाला ५० ते ६० किलोमीटर ठरवा. सपाट आहे म्हणून शंभर ठरवणारे तिसऱ्या दिवशी कंटाळतात: उतार नसला की पाय एकदाही थांबत नाहीत आणि बसण्याची पद्धतही बदलत नाही. दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

खाण्याचं वेळापत्रक तिथलं आहे, आपलं नाही. बेकरी सकाळी लवकर उघडते. दुपारी साडेबारा ते दोन-तीनपर्यंत छोटी दुकानं बंद, आणि हॉटेलातलं जेवण दोनच्या आत. अडीचला पोचलात तर कॉफीवर भागवावं लागेल. रविवारी दुपारनंतर खेड्यात काहीच उघडं नसतं आणि सोमवारीही बऱ्याच ठिकाणी बंद. म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं पाव, चीज आणि फळं घ्या. मे महिन्यात सुट्ट्या लागोपाठ येतात, १ आणि ८ तारीख तर नक्कीच. शाकाहारी माणसाची पाव, चीज, टोमॅटो यांवर सोय होते. त्याला चव आणायला मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात सोबत नेण्यास बंदी आहे.

शेगडी घरीच ठेवा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, आणि तिथल्या दुकानात बऱ्याचदा कँपिंगाझचे क्लिकने बसणारे डबे मिळतात. आपल्या, डबा फिरवून बसवायच्या शेगडीला ते बसत नाहीत.

पाणी हवं तर गावची दफनभूमी शोधा. फुलांसाठी तिथे बहुतेक नळ असतो. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं पाणी पिऊ नये. प्रत्येकाजवळ दीड-दोन लिटर असू द्या, उन्हाळ्यात गारोनच्या खोऱ्यात पारा ३५ च्या वर चढतो. म्हणून मे ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर. 'आक्यूई व्हेलो' ही पाटी असलेलं राहण्याचं ठिकाण मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतं आणि सायकल कुलुपात ठेवता येते. नगरपालिकांचे कँपिंगही स्वस्त असतात. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा आणि ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मेसाठी थंडीतच हालचाल करा.

जिथे रस्ता लागेल तिथे उजवीकडून चालवायचं, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्या डाव्या सवयीला हे पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त चकवतं, विशेषतः कालव्यावरून गावात शिरताना. इअरफोन लावून चालवण्यास बंदी आहे. रात्री वस्तीबाहेर परावर्तक जॅकेट सक्तीचं, बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं. व्हुआ व्हेर्तवर चालणाऱ्याचा मान पहिला: घंटी दुरून वाजवा, वेग कमी करा आणि 'बोंझूर' म्हणा.

सामानासह सराव इथेच करून घ्या. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला जाऊन अलिबाग, रेवदंडा असा दोन दिवसांचा फेरा, भरलेल्या पिशव्या लावून. त्या रस्त्यावर जे सैल व्हायचं ते होतंच, आणि दुरुस्तीला दादर-कुर्ल्याची दुकानं जवळ असतात.