हनोई ते दा नांग : तिसऱ्या मजल्यावरचा बर्थ

आधी निकाल सांगतो, मग रामायण. व्हिएतनामला निघालाय आणि हनोईहून दा नांगला रेल्वेनं जावं की विमानानं, असा घोळ घरात चालू असेल, तर विमानानं जावा. रेल्वेत बसायची हौसच असेल तर हुए ते दा नांग एवढा तुकडा करा, तोही दिवसाउजेडी. बाकीचे सातशे किलोमीटर अंधारात कुशी बदलत काढायला पासपोर्ट लागत नाही, आपली बेंगळूरूची रात्रगाडी आहे की.

आम्ही चौघं होतो. मी, आमची ही, निपाणीचे साडू आणि मेव्हणी. सगळे पन्नाशी ओलांडलेले, पण दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढणारे, तेव्हा हा गुडघेदुखीचा कांगावा नव्हे. खूळ डोक्यात घातलं पुण्याच्या भाच्यानं. "मामा, विमानातून काय दिसणार? ढग! ट्रेननं जावा, समुद्राच्या काठानं जाते." त्यानं मोबाइलवर दाखवलेली फीत दीड मिनिटाची. प्रवास सतरा तासांचा आहे हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खरं तर त्याच्यावर तरी किती ढकलू? मला स्वतःलाच त्या गाडीत बसायचं होतं. माझं लहानपण खानापुरात गेलं. मिरज-लोंढा लाइन तेव्हा मीटर गेज होती. लोंढ्याला गाडी बदलायची, कॅसलरॉकला घाटासाठी मागं जादा इंजिन लागायचं, दूधसागर आला की सगळा डबा एका बाजूला. नव्वदच्या दशकात सगळं ब्रॉडगेज झालं. व्हिएतनामची उत्तर-दक्षिण लाइन मात्र अजून मीटर गेजच आहे. फ्रेंचांनी बांधायला घेतली, १९३६ साली पुरी झाली, युद्धात तुकडे झाले आणि १९७६ साली हनोई ते सायगॉन, म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी, १७२६ किलोमीटर पुन्हा सांधली गेली. बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला रुळातलं अंतर डोळ्यानं कळतं. हनोई स्टेशनात वाकून बघितलं, बरोब्बर एक मीटर. म्हटलं, आलं आपलं लहानपण. आलंही, पण ते बारा वर्षांच्या पाठीला सोसणारं होतं.

आता तिकिटाचं. इथं आम्ही लुटलो गेलो, म्हणून नीट वाचा.

हनोईतल्या होआन किएम तळ्यामागच्या गल्ल्यांत दर दहा पावलांवर तिकिटं विकणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकात गेलो. बाईनं कॅल्क्युलेटर पुढं केला, माणशी १३ लाख डोंग. आम्ही गेलो तेव्हा तीनशे डोंगला एक रुपया असा साधारण हिशोब पडत होता. चार बर्थची मऊ गादीची खोली, खालीवर दोन-दोन, चौघांना आख्खी. भिंतीवर तिचा फोटोही होता. साडूंनी खूण केली, घ्या. घेतलं.

रात्री डब्यात शिरलो तर खोलीत सहा बर्थ. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. आमच्या वाट्याला दोन सगळ्यात वरचे आणि दोन मधले. खालच्या दोन्हींवर एक म्हातारं जोडपं आधीच पाय पसरून सूप पीत बसलेलं. चष्मा लावून तिकीट वाचलं तेव्हा उजेड पडला. तिकिटावर सगळं छापलेलं असतं हो! खोली किती बर्थची तो आकडा असतो, बर्थ कुठल्या मजल्यावर ते असतं. टी १ म्हणजे खालचा, टी २ मधला, टी ३ सगळ्यात वरचा. आणि त्याच्याखाली किंमत, आठ लाखांच्या आतली. चौघांचे मिळून वीस लाख डोंग, म्हणजे साडेसहा हजार रुपये वर गेले, आणि मिळालं काय, तर माळा.

तो टी ३ बर्थ म्हणजे काय ते सांगतो. आपल्या स्लीपरच्या वरच्या बर्थवर मान वाकवून का होईना, बसता येतं. इथं तेही नाही. कोपर टेकवून आडवं सरकायचं, छताला नाक लागेल एवढी जागा. गादी पापडासारखी. खिडकी खालच्या लोकांची, वरच्याला दिसतो तो फक्त एसीचा झोत, तोही थेट कपाळावर. चढायला शिडी नाही, दाराजवळ पाय ठेवायला एक दुमडणारा लोखंडी तुकडा. रात्री दोनदा उतरलो, दोन्ही वेळा खालच्या आजोबांच्या हाताजवळ पाय पडला. दुसऱ्या वेळी त्यांनी झोपेतच माझा घोटा धरून नीट पायरीवर ठेवून दिला. काही बोलले नाहीत. सबंध प्रवासात मला मिळालेली एवढीच खरी मदत.

मीटर गेजवर डबा डोलतो, ते मी विसरलो होतो. दोन्ही बाजूंना हलतो आणि मध्येच एक हिसका देतो. मेव्हणी मधल्या बर्थवरून म्हणाली, "भाऊजी, हे तुमचं लहानपण कधी संपणार?" हिनं तर बोलणंच बंद केलं होतं. ते जास्त वाईट.

खाण्याचं हाल नाहीत, पण आपली सोय आपण करायची. ढकलगाडीवर भात, उकडलेली अंडी, मांसाचं कालवण येतं. गाडीत गरम पाणी मिळतं, म्हणून सगळे कपातले नूडल्स खातात. शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा, 'आन चाय'. त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. साडूंनी सकाळी ढकलगाडीवाल्याकडं तीनदा "चाय, चाय" म्हणून चहा मागितला आणि तो तीनदा मान हलवून, इथं शाकाहारी काही नाही, असं सांगत राहिला. 'आन चाय' म्हटलं तरीही कालवणात मासळीचा रस पडलेला असतोच, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बेळगावाहूनच न्या. आमची ती रात्र त्यावरच निभावली.

हुए स्टेशन हनोईहून ६८८ किलोमीटर, दा नांग ७९१. हुएला गाडी दोन तास उशिरानं लागली. म्हातारं जोडपं उतरलं, खालची जागा मोकळी झाली, आणि पुढचे तीन तास मी भाच्याला मनातल्या मनात माफ केलं.

लांग को गाव मागं टाकलं की गाडी हाय वानचा घाट चढायला लागते. मोटारींसाठी डोंगराखालून सहा किलोमीटरचा बोगदा २००५ सालीच झाला, त्यामुळं बसवाले हे काही बघत नाहीत. गाडी मात्र अजून डोंगराच्या कडेनंच, माणूस चालेल त्या वेगानं. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन पुढं दिसतं. खाली झाडी, झाडीच्या खाली काळे खडक, आणि त्यावर फुटणारा समुद्र. दूधसागरच्या घाटात असतो तसाच ओला वास, फक्त पाणी डोक्यावरून नाही, पायाखाली. बोगद्यात शिरताना सवयीनं मी तोंडावर रुमाल धरला. कोळशाचा धूर नव्हताच, डब्याच्या काचाही बंद. ही हसली. चौदा तासांनंतर पहिल्यांदा.

म्हणून सांगतो, बघण्यासारखं आहे ते एवढंच, आणि एवढ्यासाठी आख्खी रात्र घालवायची गरज नाही. हनोईहून विमानानं हुएला या, विमानतळ गावापासून पंधरा किलोमीटर. एक-दोन दिवस राजवाडा बघा आणि मग दिवसाच्या गाडीनं दा नांग. शंभरेक किलोमीटरला तीन तास लागतात. २०२४ पासून याच टप्प्यावर दिवसाची खास पर्यटक गाडी चालू झाली आहे, ती लांग कोला थांबतेही. दक्षिणेकडं जाताना समुद्र डाव्या हाताला, उलट येत असाल तर उजव्या. खुर्चीचं तिकीट घ्या, बर्थचं नको. तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर किंवा स्टेशनच्या खिडकीवर काढा. गल्लीत काढायचंच झालं तर पैसे देण्याआधी त्यावरचा बर्थ आणि किंमत बोट ठेवून वाचा. पासपोर्ट नंबरही तपासा.

परत आलो विमानानं. दा नांगचा विमानतळ गावातच आहे म्हटलं तरी चालेल, हॉटेलातून दहा मिनिटं. उड्डाण सव्वा तासाचं. हनोईचा नोई बाई विमानतळ मात्र गावापासून पाऊण तासावर. तिथून ८६ नंबरची बस थेट जुन्या गावात आणि रेल्वे स्टेशनवर सोडते, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालायचं कारण नाही. सकाळी नऊला निघालो, दोन वाजता हनोईत जेवत होतो. भाडं माणशी ११ लाख डोंग. गल्लीतल्या बाईनं त्या माळ्याला लावलेल्या भावापेक्षा कमी! हे कळल्यावर साडू दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले.

विमानातही एक खड्डा आहे. स्वस्त तिकिटात हातातली बॅग सात किलोचीच चालते आणि ती खरोखर वजन करतात. दा नांगजवळ संगमरवराचे डोंगर आहेत, पायथ्याला दगडी मूर्तींची दुकानंच दुकानं. साडूंनी तिथून तीन लाख डोंगांचा एक हत्ती घेतला. दिसायला एवढुसा, वजनाला साडेतीन किलो. अगदी शेवटच्या दारात बॅग काट्यावर चढली आणि साडेचार लाख डोंग भरावे लागले. हत्तीपेक्षा हत्तीचं भाडं जास्त. म्हणून सामानाचे पैसे तिकीट काढतानाच भरा, तेव्हा ते दारातल्यापेक्षा स्वस्त पडतात.

नोटांचं एक. वीस हजाराची नोट निळी, पाच लाखाची निळसर हिरवी. दिव्याच्या उजेडात दोन्ही सारख्याच. मेव्हणीनं हुएच्या बाजारात वीस हजाराची केळी घेऊन पाच लाखाची नोट दिली. केळीवालीनं नोट उलटीपालटी करून परत हातात कोंबली आणि वरून दोन केळी जास्त घातली. एजंटबाईची आठवण झाली की मी मुद्दाम या केळीवालीची काढतो.

सायगॉनपर्यंत रेल्वेनं जायचा विचार असेल तर सोडून द्या, तीस तासांच्या वर लागतात. त्याउलट हनोईहून निन्ह बिन्ह सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, तिथं विमानाचा प्रश्नच नाही, सकाळच्या गाडीनं जावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या पट्ट्यात पाऊस आणि पूर असतात, लाइन बंद पडू शकते. त्यांच्या नववर्षाच्या आगेमागे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिकीट कशाचंच मिळत नाही. ई-व्हिसा २५ डॉलरला सरकारी साइटवरच काढा, तशाच दिसणाऱ्या इतर साइट दुप्पट घेतात. होई आन गाव, हा लाँग उपसागरातली बोट, सगळं छान झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

हां, हनोईत रुळाला लागून घरं आहेत अशी एक गल्ली आहे. गाडी घराच्या हातभर अंतरावरून जाते, आणि लोक ती बघायला कॉफीचे पैसे देऊन बसतात. आम्हीही बसलो. गाडी अर्धा तास उशिरा आली. हिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला आपण आयुष्यभर हेच केलं की, फुकट."